चाळिशी कुणाला लागते?

मी एक जुनी चाळिशी आहे. मित्रांनो, हे माझे वय नव्हे, नाव आहे. जवळचे वाचायला जो चष्मा लागतो त्याला आपल्या भाषेत चाळिशी म्हणतात, कारण माणसाने चाळिशी ओलांडली की तो लागतो. सगळे त्या एका शब्दातच सांगून ठेवलेले आहे. तरीही ज्या घरात मी आयुष्य काढले, तिथे एवढी साधी गोष्ट वेळेवर कुणाच्या ध्यानात आली नाही. त्यापायी एका बाईने जी भीती सोसली, ती मी हातभर अंतरावरून पाहिली.

भीतीतले मला कळते. मी जन्माची भित्री. ज्या कारखान्यात माझ्या काचा घासल्या गेल्या, तिथे मी पहिला आवाज ऐकला तो शेजारच्या काचेचा फुटण्याचा. कामगाराने तिचे तुकडे झाडूने कोपऱ्यात सारले आणि मला उचलून चाकावर धरले. तेव्हापासून टेबलाची कड जवळ आली की मला तो फुटण्याचा आवाज पुन्हा ऐकू येतो. त्यात मला स्पष्ट दिसते ते फक्त हातभर अंतरावरचे. त्यापलीकडे सगळे धुके. कुणी आपल्या शेजारी बसायला येत आहे की आपल्यावरच बसायला येत आहे, हे मला अगदी शेवटी समजते. अशा जिवाने निवांत कसे राहावे, तुम्हीच सांगा.

मला विकत घेतले बाबांनी. बाबा म्हणजे त्या घरातले थोरले, तेव्हा पोस्टात नोकरीला होते. पुढे त्यांचा नंबर वाढत गेला तशा माझ्या काचा बदलल्या, पण चौकट तीच राहिली, म्हणून मी मीच. बाबांनी मला जिवापाड जपले. मऊ फडक्याने पुसायचे, काचा वर करून ठेवायचे, डबी खटकन न लावता हळूच मिटायचे. घरात मला कुणी चाळिशी म्हणत नसे. माझे नाव ‘बाबांचा चष्मा’. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आजीने, हयातीत एक नियम घालून दिला होता. “दुसऱ्याचा चष्मा डोळ्याला लावू नये, असलेले डोळेही जातात.” आजी गेली, पण तिचा नियम मागे राहिला. माझ्यावर कुणाची बोटेही पडत नसत, आणि मला तेच हवे होते.

सकाळी बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसत. आधी मी आणि ते मिळून ते अख्खे वाचून काढत असू. मग ते त्यांच्या धाकट्या मुलाकडे जाई. तो महाविद्यालयात शिकलेला, खेळाचे पान आधी उघडणारा. थोरला मुलगा मालट्रक चालवायचा. तो घरी असला तर दुपारी वाचता वाचता पेपर तोंडावर ओढून झोपायचा. मग पेपर रद्दीच्या ढिगात जाई आणि बऱ्याच दिवसांनी तिथून निघून स्वयंपाकघराच्या फळीवर अंथरला जाई. तिथे तो थोरल्या सुनेला भेटे.

ही सूनबाई माझ्या गोष्टीतली मुख्य बाई. फळीवर डबे मांडता मांडता ती वाचत असे. डबा उचलला की एक बातमी, ठेवला की दुसरी. सुटीच्या सकाळी तिने ओट्यापाशी उभी राहून, हातात झाकण धरून, वटवाघळांवरचा एक अख्खा लेख वाचलेला मला आठवतो. लेख संपेपर्यंत दूध उतू गेले होते.

रात्री जेवणे झाली की बाबा सगळ्यांना प्रश्न विचारत. राजधान्या, नद्या, शोध, पदे. “जग सगळ्यांना सारखंच उघडं आहे,” असे ते म्हणत. “ज्याला कळून घ्यायचंय त्यानं घ्यावं.” मी त्यांच्या नाकावर बसून हे ऐकत असे आणि मला समोरचे धुके दिसत असे. त्या धुक्यात धाकटा मुलगा पटापट उत्तरे देई. सूनबाईचे उत्तर यायचे ते भांड्यांच्या आवाजातून, आणि बहुतेक वेळा ते जुने झालेले असे. एकदा बाबांनी जगातली सर्वांत उंच इमारत विचारली. तिने बरोबर सांगितली, फक्त तिच्यापेक्षा उंच दुसरी कधीच उभी राहिली होती. फळीवरचा कागद तेवढा पुढे सरकला नव्हता.

“वहिनी म्हणजे शिळी बातमी,” दीर म्हणाला. सगळे हसले, तीही हसली. ते नाव तिला चिकटले.

फळीच्या कागदाची आणखी एक खोड होती. तो कडेला दुमडावा लागे, आणि दुमडला की ओळीचा शेवट आत जाई. एका पावसाळ्याच्या तोंडावर तिने वाचले, ‘नदीवरचा जुना पूल कोसळण्याची भीती’. तिच्या कामाची वाट त्याच पुलावरून जाई. त्या दिवसापासून ती लांबच्या पुलाने जाऊ लागली, चिखल तुडवत, उशीर झाला म्हणून बोलणी खात. पावसाळा संपल्यावर कागद बदलताना दुमड उलगडली आणि पुढचा शब्द दिसला, ‘नाही’. तिने तो कागद मुकाट्याने चुलीत घातला. हसू होईल म्हणून कुणाला सांगितले नाही.

सूनबाई कामाला जायची एका मोठ्या रुग्णालयाच्या कपडेखान्यात. धुऊन आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांचे झगे निवडायचे, घड्या घालायच्या आणि ज्या त्या विभागात पाठवायचे. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात शाईने विभागाचे अक्षर छापलेले असे. धुऊन धुऊन ते फिके पडे, पण तिला ते नुसत्या नजरेत कळायचे. घरी आली की चहा पिता पिता बाबांना दिवसभराचे सांगायची. मी बाबांच्या खिशातून ते ऐकत असे.

मग तिचे सांगणे कमी झाले. मला शंका आली ती एका सकाळी. बाबांनी मला खिडकीच्या कठड्यावर ठेवले होते आणि सूनबाई माझ्याजवळ उभी राहून औषधाच्या बाटलीवरचे वाचत होती. तिने बाटली डोळ्यांजवळ नेली. मग लांब धरली. मग आणखी लांब, हात पुरेना इतकी. तिने डोळे चोळले, पुन्हा पाहिले, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

मित्रांनो, हे हात लांबवणे मी ओळखते. माझ्या जातीच्या प्रत्येक चष्म्याच्या जन्माआधी कुणीतरी असा हात लांबवलेला असतो. मी तिथेच होते. तिने मला उचलून नाकावर ठेवले असते तरी काम झाले असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पण चष्म्याला तोंड नसते, आणि तिला भलतीच भीती वाटत होती.

तिची भीती तिच्या आईची होती. आई म्हातारपणी आधी अक्षरे विसरली. पेपर उलटा धरून बसायची. मग माणसे विसरली, आणि शेवटी या मुलीलाच “तुम्ही कोणाकडच्या?” असे विचारायची. सूनबाईला वाटले, आपलेही तेच सुरू झाले. अक्षर दिसत नाही असे तिला वाटलेच नाही. अक्षर कळत नाही असे वाटले. चष्मा लागतो तो वाचणाऱ्या माणसाला, आणि त्या घरात वाचणारे माणूस म्हणजे बाबा. आपण फळीवरचे वाचतो त्याला वाचणे म्हणतात, हे तिला कधी कुणी सांगितले नव्हते.

तिने फळीवर कागदाऐवजी मेणकापड घातले. घरच्यांना वाटले, पुसायला सोपे म्हणून.

कपडेखान्यातही घोळ होऊ लागले. बालविभागाच्या चादरी बाळंतिणींकडे गेल्या. दोन्हीकडे अक्षर ‘बा’, पुढचे ‘ल’ की ‘ळ’ तिला दिसले नाही. वरच्या बाईंनी चारचौघांत खडसावले. त्यातच सूचना लागली. कपडेखान्यातल्या सगळ्या हंगामी बायकांची लेखी परीक्षा होणार. पास होईल ती कायम, नापास होईल तिने घरी बसायचे. आणि पेपर सामान्य ज्ञानाचा.

घरात हे कळले तेव्हा बाबा खूश झाले. धाकट्याने आपले जुने प्रश्नोत्तरांचे पुस्तक काढून दिले. “वहिनी, हे पाठ कर, शिळीची ताजी होशील,” तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हते. पण पुस्तकाचे अक्षर मुंगीएवढे होते.

मग जे सुरू झाले ते आठवले तरी माझे स्क्रू ढिले होतात. सूनबाई जेवणानंतर पुस्तक उघडून बाबांसमोर बसायची. डोळे ओळींवर फिरवायची, वेळेवर पान उलटायची, ओठ हलवायची. वाचत काहीच नव्हती. मी हे बाबांच्या डोळ्यांवरून पाहत होते, आणि बाबा माझ्यातून पाहूनही त्यांना दिसत नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या नाकाखाली होता.

“लक्ष नाही तुझं,” बाबा म्हणायचे. “पान तेवढं उलटतेस. काय वाचलंस ते सांग बरं.”

ती पुस्तक मिटून भांडी घासायला उठायची. बाबांना ती टाळाटाळ वाटे, मला मात्र तिच्यामागची भीती कळत होती. भित्याला भित्याची खूण पटते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी उजवी काच आणि दांडी धरून ठेवणारा माझा स्क्रू सैल झाला. रुग्णालयाच्या फाटकासमोर चष्म्याचे दुकान होते. बाबांनी मला डबीत घालून सूनबाईच्या हाती दिले. “येताना बसवून आण,” ते म्हणाले. “उद्याचा पेपर वाचायचाय मला.” अशी मी पहिल्यांदा बाबांशिवाय त्या घराबाहेर पडले, तिच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याच्या आणि छत्रीच्या मध्ये जीव मुठीत धरून.

कपडेखान्यात शिवणमावशी होती. फाटक्या चादरी शिवायचे काम तिचे, म्हणून सगळ्या तिला शिवणमावशी म्हणत. तिच्या नाकावर माझ्याच जातीचा एक चष्मा होता, दोरीने गळ्यात बांधलेला. दुकान दुपारपर्यंत बंद होते, म्हणून सूनबाईने स्क्रू घट्ट होतो का पाहायला मला तिच्यासमोर काढले. मावशीने मला न पाहता तिच्याकडेच पाहिले.

“सकाळपासून बघतेय,” ती म्हणाली. “चादर हात लांब करून बघतेस. चाळिशी आली वाटतं तुला.”

“आली काय मावशी, उलटून गेली की,” सूनबाई म्हणाली. “तीन वर्षं झाली.”

“अगं वय नाही विचारलं. चाळिशी. ही, ही.” मावशीने स्वतःचा चष्मा दाखवला. “जवळचं धूसर दिसायला लागतं. सगळ्यांनाच. मला लागली, त्या वरच्या बाईंना लागली, तुला लागली. लाव हा आणि बघ.”

सूनबाई मागे सरकली. “नको. दुसऱ्याचा लावला की असलेले डोळे जातात.”

“कोण म्हणतं?”

“सासूबाई म्हणायच्या.”

“मग नेत्रविभागात तपासताना सगळ्यांना त्याच काचा लावतात, माझेही जायला हवे होते,” मावशी म्हणाली. “अगं, थोडा वेळ लावून कुणाचे जात नाहीत. मग डोळे तपासून स्वतःचा कर.”

सूनबाईने मला परत डबीत घातले. तिच्या बोटांना घाम आला होता. दोन भीती तिच्यात भांडत होत्या. डोके जाण्याची भीती मोठी होती, पण डोळे जाण्याची भीती जुनी होती.

संध्याकाळी ती दुकानासमोर आली, थांबली, आणि आत न जाता तशीच पुढे निघाली. घरी बाबांना म्हणाली, “दुकानात ठेवलाय. उद्या देतो म्हणाला.” मी पिशवीत होते. ती खोटे बोलली आणि ते मला ऐकू आले. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की बाबांना दोनदा विचारावे लागले.

परीक्षा एका मोठ्या दालनात होती. लांबच लांब बाके, वर पंखे, समोर घड्याळ. प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या. मी बाकावर डबीत होते, झाकण अर्धे उघडे. आजूबाजूला पेन चालू लागले. सूनबाईच्या पेनाचे टोपणही निघाले नव्हते. तिने कागद लांब धरला, आणखी लांब धरला, पुढच्या बाईच्या पाठीला लागला. पर्यवेक्षिका म्हणाल्या, “कागद खाली ठेवा.” तिने ठेवला आणि त्या काळ्या मुंग्यांकडे पाहत बसली. तिच्या श्वासाचा आवाज मला डबीत येत होता.

मग तिने मला उचलले. डोळे मिटून नाकावर ठेवले. डोळे उघडले आणि आधी समोरच्या घड्याळाकडे पाहिले.

मी सांगितले ना, दूरचे माझ्यातून धुके दिसते. तिला घड्याळ दिसेना, भिंत दिसेना, पर्यवेक्षिकेला चेहराच नव्हता. तिच्या तोंडचे पाणी पळाले. सासूबाई खरे सांगत होत्या, डोळे गेले. ती मला ओरबाडून काढायला गेली, आणि त्या घाईत तिची मान खाली झुकली.

खाली अक्षरे होती. काळी, कोरीव, काना-मात्रा-वेलांटीसकट. माझा नंबर तिला जास्तच होता, कागद जरा जवळ घ्यावा लागला, पण एकेक अक्षर आपापल्या जागी उभे होते. तिने पहिला प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. डोके शाबूत होते. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्या काचेवर पडले आणि ते पुसायला तिने मला काढले, तेव्हा तो सैल स्क्रू सुटला. उजवी काच निखळली, बाकावर आपटली आणि खाली घरंगळली. मी जन्मापासून ज्या आवाजाला भीत होते, तो आवाज मी स्वतःच्या अंगात ऐकला.

पर्यवेक्षिकेच्या चपला जवळ आल्या. माझी काच बाकाखाली, चपलेपासून वीतभर. सूनबाई वाकली आणि तिने ती उचलली. मधोमध तडा गेला होता. तिने ती डबीत ठेवली, उरलेली एक काच डाव्या डोळ्यासमोर हाताने धरली, दुसरा डोळा मिटला आणि लिहू लागली. काच हातात हलायची, म्हणून ओळ सारखी निसटत होती. ती पुन्हा पहिल्यापासून वाचायची, आणि प्रत्येक ओळ अगदी शेवटच्या शब्दापर्यंत.

घरी जाताना मात्र आम्हा दोघींचे धाबे दणाणले होते. तडा गेलेली काच, खोटे बोलणे, बाबांचा जपलेला चष्मा. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. मांडीवर पेपर, न वाचलेला.

“आणलास?” त्यांनी विचारले.

तिने डबी त्यांच्या हातात दिली. “एक काच गेली, बाबा. माझ्या हातून. दुकानात दिलाच नव्हता. मी लावला होता, परीक्षेत.”

बाबांनी मला चाचपले. त्यांचा अंगठा तड्यावर थांबला. आता मला भिरकावतील, मला वाटले.

“तुला कशाला लागला?”

“जवळचं दिसत नाही.”

“कधीपासून?”

“बरेच दिवस झाले. आधी वाटलं, आईसारखं डोकं चाललंय.”

“मग बोलली का नाहीस? मी रोज समोर बसतो.”

सूनबाईने पदराने बोटे पुसली. “तुम्ही रोज इतके प्रश्न विचारता, बाबा,” ती म्हणाली. “हा कधी विचारला नाहीत.”

ती रागाने बोलली नव्हती. बाबांचा अंगठा माझ्या तड्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होता. मग त्यांनी मला तिच्याकडे परत केले. “प्रश्नपत्रिका आणलीस ना? वाचून दाखव. मला कुठे दिसतंय आता.”

तिने एक काच डोळ्याशी धरली आणि वाचायला लागली. बरेच प्रश्न तिला आले नव्हते. ते ज्या गावचे होते तिथे फळीचा कागद कधी पोचलाच नव्हता. एका प्रश्नाशी ती थांबली. ‘खालीलपैकी कोणता प्राणी अंडी घालत नाही? कासव, मगर, वटवाघूळ, शहामृग.’

“इथे पुष्कळजणी फसल्या,” ती म्हणाली. “त्यांनी ‘घालतो’ असं धरून पहिल्यालाच खूण केली. मी ‘नाही’पर्यंत वाचलं.” आणि मग तिने पहिल्यांदाच बाबांना त्या पुलाची गोष्ट सांगितली. बाबा हसले नाहीत. “पूर्ण पावसाळा?” एवढेच त्यांनी विचारले.

सूनबाई पास झाली, काठावर, पण झाली. ज्या रुग्णालयाच्या चादरींच्या ती घड्या घालत होती, तिथेच तिने डोळे तपासले आणि स्वतःची चाळिशी केली. मला नवी काच मिळाली. सकाळी आता पेपरची पाने सुटी करून दोघांत वाटली जातात, आणि रात्रीचे प्रश्न कधी कधी सूनबाई विचारते. बाबांना सगळे येतेच असे नाही.

मी आता फार जुनी झाले आहे. बाबांचा नंबर माझ्या चौकटीला पेलवत नाही. मला खणात ठेवले आहे आणि खण जोरात ओढला की मी अजून दचकते. मित्रांनो, मला पुसायचे असेल तर मऊ कापडाने पुसा, काचा वर करून ठेवा, ते तर आहेच. पण तुमच्या घरात कुणी वाचता वाचता थांबले असेल, कुणाची उत्तरे शिळी येत असतील, तर हसण्याआधी तिचा हात किती लांब जातो ते पाहा. तिच्यापर्यंत पेपर कोणत्या वाटेने आणि किती उशिरा पोचतो, तेही पाहा. आणि फळीवर कागद घालाल तेव्हा कडेची ओळ दुमडू नका. कुणाचा तरी ‘नाही’ त्या दुमडीत राहून जातो, आणि ती बिचारी चांगला धडधाकट पूल सोडून, चिखलातून, लांबच्या वाटेने जात राहते.